दंडावरची चकती आणि भिंतीवरचं कालनिर्णय

सांगलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आईचं कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाल्याचा खाडा, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीची सुट्टी असा सगळा संसार त्या चौकटींमध्ये बारीक अक्षरात मांडलेला असतो. गेल्या आषाढात त्याच चौकटींत वेगळ्या नोंदी दिसू लागल्या. ‘पोहे ८.३०’, ‘भात-ताक, रात्री ८’, ‘साबुदाणा १२.४५’, आणि दोन ठिकाणी नुसतंच ‘घाम’.

त्या पंधरवड्यात आईच्या डाव्या दंडावर दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पांढरी चकती चिकटवलेली होती. तिचं वय ७२, मधुमेह एकोणीस वर्षांचा. चकती दर पंधरा मिनिटांनी साखरेची नोंद ठेवत होती आणि आई दिवसातून चार-पाचदा कालनिर्णयात. पुढे डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा इतकी वर्षं दर तिमाहीला रिपोर्ट काढूनही न कळलेली एक गोष्ट कळली. सतत साखर मोजणारा सेन्सर कसा काम करतो, त्यातून रुग्णाला काय कळतं आणि डॉक्टर तो कसा वाचतात, हे त्याच अनुभवाच्या आधारे सांगते.

एका आकड्याची मर्यादा

आपल्याकडे मधुमेहाची तपासणी म्हणजे तीन आकडे: उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे बोलीभाषेत ‘तीन महिन्यांची शुगर’. पहिले दोन आकडे त्या क्षणाचे असतात. तिसरा आकडा सरासरीचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. एचबीए१सी ७ टक्के असेल, तर त्या काळात साखर सरासरी १५४ मिलिग्रॅमच्या आसपास राहिली असं मानतात.

सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना झाकतात. दुपारी २५० आणि पहाटे ५५ असं रोज होणाऱ्या माणसाची सरासरीही चांगलीच दिसते. आईचा एचबीए१सी ६.८ होता. ‘या वयात इतका छान कंट्रोल!’ असं लॅबवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणायचे. आईची तक्रार मात्र वेगळीच होती. सकाळी डोकं जड असतं, रात्री कधी कधी घामाने ब्लाउजचा गळा भिजतो. आम्ही ते वयावर आणि उकाड्यावर ढकललं होतं.

काही जणांच्या बाबतीत तर एचबीए१सीवर विसंबताच येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, हिमोग्लोबिनही वेगळं असतं, त्यामुळे हा आकडा फसवा येतो. थॅलेसेमिया, तीव्र रक्तक्षय आणि मूत्रपिंडाच्या जुन्या विकारातही तेच. अशा रुग्णांची साखर प्रत्यक्ष मोजूनच पाहावी लागते.

चकतीच्या आत काय असतं

चकती लावायला मिनिटभर पुरतं. डॉक्टर मॅडमनी आईच्या दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसली, ते वाळू दिलं आणि शिक्क्यासारखं एक साधन टेकवून दाबलं. ‘खट्’ असा आवाज झाला. आईने डोळे मिटून घेतले होते. “झालं, काकू,” मॅडम म्हणाल्या. “एवढंच?” आईने विचारलं.

त्या ‘खट्’मध्ये एक सुई आत जाऊन परत येते आणि मागे केसासारखा बारीक, लवचीक तंतू ठेवते. तो त्वचेखाली सुमारे पाच मिलिमीटर जातो. रक्तवाहिनीत शिरत नाही. पेशींच्या भोवती जो पातळ द्रव असतो, त्यात तो बुडालेला राहतो. तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा लेप असतो. द्रवातलं ग्लुकोज या विकराच्या संपर्कात आलं की रासायनिक क्रिया होते आणि अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त. चकतीतलं इलेक्ट्रॉनिक मंडळ तो प्रवाह मोजून त्याचं साखरेच्या आकड्यात रूपांतर करतं.

विकराच्या मदतीने साखर मोजायची ही कल्पना १९६२ची, लेलँड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाची. ती अंगावर घालण्याजोगी व्हायला बराच काळ गेला. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला १९९९ साली मान्यता मिळाली. ते जेमतेम तीन दिवस चालायचं आणि त्याच्या नोंदी नंतर डॉक्टरांकडेच वाचता यायच्या. बोटाला न टोचता चौदा दिवस चालणारा, कारखान्यातच जुळणी करून आलेला फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर २०१४मध्ये युरोपात आला आणि हे तंत्र सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचायला लागलं.

सेन्सर दोन पद्धतींनी वापरतात. एकात आकडा रुग्णाला मोबाइलवर लगेच दिसतो, साखर फार चढली-उतरली तर गजर वाजतो. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाला काहीच दिसत नाही. चकती मुकाट्याने नोंदी साठवते आणि पंधरवड्याने डॉक्टर त्या आपल्या यंत्रावर उतरवून घेतात. आईला दुसऱ्या पद्धतीचा सेन्सर लावला होता. दर पंधरा मिनिटांना एक नोंद, दिवसाला ९६, चौदा दिवसांत १३४४.

“म्हणजे मला काहीच कळायचं नाही?” आई जरा खट्टू झाली.

“मुद्दामच, काकू. आकडा दिसला की माणूस जेवण बदलतो. मला तुमचं रोजचं जेवण बघायचंय, पाहुण्यांसाठी केलेलं नको,” मॅडम म्हणाल्या. “फक्त एक करा. काय खाल्लं, किती वाजता, गोळी कधी घेतली आणि काही त्रास झाला का, ते लिहून ठेवा.”

आई म्हणाली, “कालनिर्णयावर लिहिलं तर चालेल?”

कालव्यातलं पाणी, सरीतली ओल

सेन्सरचा आकडा आणि ग्लुकोमीटरचा आकडा जुळला नाही की रुग्ण गोंधळतात. ‘मशीन खोटं’ असा निकाल लगेच दिला जातो. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ग्लुकोमीटर बोटातलं रक्त मोजतो. सेन्सर पेशींभोवतीचा द्रव मोजतो. साखर आधी रक्तात येते आणि तिथून झिरपत त्या द्रवात.

आमच्याकडे उसाला पाणी देताना जे दिसतं, तेच इथे घडतं. कालव्याला पाणी सुटलं तरी सरीत ओल यायला वेळ लागतो आणि कालवा बंद झाला तरी सरी काही वेळ ओली राहते. ग्लुकोमीटर कालव्याची पातळी सांगतो, सेन्सर सरीतली ओल. दोन्ही खरंच सांगतात, पण सेन्सर साधारण पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. जेवणानंतर किंवा झपाट्याने चालून आल्यावर त्यांच्यात फरक पडतो. शिवाय आजच्या चांगल्या सेन्सरमध्येही सरासरी नऊ-दहा टक्क्यांचा फरक गृहीत धरलेला असतो.

साखर उतरते तेव्हा या उशिराचं भान ठेवायलाच हवं. ७०च्या खाली गेल्यावर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं, हा नियम जुना आणि पक्का आहे. रक्तातली साखर सावरली तरी सेन्सर आणखी काही वेळ खालचाच आकडा दाखवतो. तो पाहून घाबरून पुन्हा पुन्हा साखर खाल्ली की तासाभराने आकडा तीनशेला टेकतो. अशा वेळी बोटाला टोचून खात्री करावी. पेढा किंवा चॉकलेट खाऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

आणखी काही प्रसंगी बोटाची तपासणी लागतेच. सेन्सर लावल्याचा पहिला दिवस, कारण टोचलेली जागा शांत व्हायला आणि आकडे स्थिरावायला वेळ लागतो. तसंच अंगाला जाणवतं एक आणि पडदा दाखवतो दुसरं, असं झालं तर. काही सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेचा परिणाम होतो आणि आकडा खोटाच वाढतो. इतर काही सेन्सरवर पॅरासिटॅमॉलचा असाच परिणाम होतो. त्यामुळे सर्दी-तापाच्या दिवसांत सेन्सरसोबतचं माहितीपत्रक वाचावं किंवा डॉक्टरांना विचारावं.

आलेख कसा वाचतात

पंधराव्या दिवशी मॅडमनी चकतीजवळ आपलं यंत्र धरलं. ‘बीप’ झालं आणि थोड्या वेळाने प्रिंटरमधून कागद आला. १३४४ आकड्यांची यादी कोणाला वाचता येणार? म्हणून चौदाही दिवस एकावर एक ठेवून चोवीस तासांचं एकच चित्र काढतात. ही रीत १९८७मध्ये मांडली गेली आणि आता जगभर जवळपास याच रूपात वापरली जाते.

त्यात मधोमध एक ठळक रेघ असते. ती दिवसातल्या त्या त्या वेळची मधली साखर. तिच्या भोवती एक गडद पट्टा असतो, निम्म्या नोंदी त्यात बसतात. बाहेरचा फिकट पट्टा क्वचित घडणारे चढउतार दाखवतो. पट्टा अरुंद असेल तर रोजचा दिवस सारखा जातो. पट्टा रुंद झाला की त्या वेळी काही दिवस एक आणि काही दिवस दुसरंच घडतं आहे. औषध बदलण्याआधी अशा जागी प्रश्न विचारायचा असतो.

चित्राच्या वर एक उभा, रंगीत स्तंभ असतो. साखर ७० ते १८०च्या दरम्यान किती टक्के वेळ होती, ते त्यात दिसतं. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून याची उद्दिष्टं ठरवली. बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर ७० टक्क्यांहून जास्त वेळ या हद्दीत असावी, म्हणजे दिवसातले सुमारे सतरा तास. ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे दिवसाला तासाभराच्या आत. ५४च्या खाली १ टक्क्याहून कमी, म्हणजे पाव तासाच्या आत. टाइप वन मधुमेह असलेल्या गर्भवतीसाठी हद्द आणखी अरुंद आहे, ६३ ते १४०.

वृद्धांसाठी आणि हृदयाचे किंवा इतर गंभीर आजार असलेल्यांसाठी मोजमाप वेगळं आहे. त्यांची साखर निम्म्याहून जास्त वेळ हद्दीत राहिली तरी पुरतं. मात्र ७०च्या खालचा वेळ १ टक्क्याहून कमी हवा. वर थोडी ढील आणि खाली कडक पहारा. कारण म्हातारपणी रात्री साखर उतरली की माणूस बाथरूमला उठताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं, हृदयाचे ठोके बिघडतात. दुपारी २०० झालेल्या साखरेने त्या रात्री काही बिघडत नाही.

मॅडमचा वाचण्याचा क्रम ठरलेला होता. नोंदी पुरेशा आहेत का, हे आधी. मग खालचा भाग, मग वरचा, शेवटी पट्ट्याची रुंदी. “वरचे डोंगर सगळ्यांना आधी दिसतात,” त्या म्हणाल्या. “मी आधी विहिरी शोधते.”

आईच्या चित्रात विहीर होती, मध्यरात्रीनंतर. स्तंभात ७०च्या खाली ५ टक्के वेळ.

आलेख आणि कालनिर्णय शेजारी शेजारी

इथून पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. मॅडमनी एकेका दिवसाचे आलेख काढले आणि आईने पिशवीतून कालनिर्णयाचं पान बाहेर काढलं. ते तिने खिळ्यावरून काढून चार घड्या घालून आणलं होतं, एका कोपऱ्याला हळदीचा डाग.

चौदापैकी पाच रात्री साखर एकच्या सुमाराला ७०च्या खाली गेली होती आणि तीन-साडेतीन तास खालीच राहिली होती. एकदा ती ५१पर्यंत उतरली होती.

“काकू, या बुधवारी रात्री काय जेवलात?”

आईने चष्मा सरसावला. “भात आणि ताक. थोडाच. भूक नव्हती.”

“आणि या शनिवारी?”

“शनिवार... नुसतं दूध घेतलं.”

पाचही चौकटींत हेच होतं. बाबा गेल्यापासून आई रात्री एकटीच जेवते. एकटीसाठी कोण पोळ्या लाटत बसणार, म्हणून भात-ताक किंवा दूध. गोळी मात्र ती नेमाने घ्यायची. तिची रात्रीची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गटातली. पोटात अन्न किती आहे, हे त्या गोळीला कळत नाही. ती आपलं काम करतच राहते आणि वयाबरोबर मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर तिचा असर आणखी लांबतो. दोन चौकटींत ‘घाम’ लिहिलं होतं. त्या दोन्ही रात्री या पाचांतल्याच होत्या.

आणखी एका रात्री साखर एकदम खाली जाऊन पाऊण तासात एकदम वर आली होती. ती मॅडमनी बाजूला ठेवली. “त्या रात्री डाव्या कुशीवर झोपला होतात का?” चकतीवर अंगाचा भार पडला की तिथला द्रव दाबला जातो आणि साखर उतरल्याचा भास होतो. खरी साखर उतरते ती उतारावरच्या बैलगाडीसारखी, हळूहळू. दाबामुळे आलेली घसरण कड्यावरून पडल्यासारखी दिसते. आई म्हणाली, त्या रात्री उजवा खांदा दुखत होता.

एक कोडं राहिलं होतं. ही रात्रीची गोळी वर्षभरापूर्वी एका डॉक्टरांनी वाढवली होती, सकाळची उपाशीपोटीची साखर १४८ आली म्हणून. रात्री साखर इतकी उतरत होती, तर सकाळी जास्त कशी? मॅडमनी आलेखावर बोट फिरवलं. पहाटेपासून रेघ चढत होती. पहाटे शरीर जागं व्हायची तयारी करतं, काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. बहुतेक मधुमेहींच्या बाबतीत सकाळचा चढा आकडा यामुळेच असतो. आई सात वाजता रक्त द्यायला जायची, तेव्हा रात्रीची विहीर मागे पडलेली असायची. मी त्या आधीच्या डॉक्टरांबद्दल काहीतरी बोलायला गेले. मॅडमनी मला थांबवलं. “त्यांच्यापुढे सकाळचा एकच आकडा होता. तेवढ्यावर मीही कदाचित तेच केलं असतं.”

सेन्सरने सांगितलं ‘केव्हा’. ‘का’ ते कालनिर्णयाने सांगितलं. त्यातलं एक जरी नसतं तरी मॅडमना अंदाजच बांधावा लागला असता.

आषाढी एकादशीचा डोंगर

आईला विहिरींपेक्षा डोंगराचं जास्त आश्चर्य वाटलं. पंधरवड्यातला सगळ्यात उंच डोंगर आषाढी एकादशीच्या दुपारचा होता, २७१. चौकटीत लिहिलं होतं: ‘साबुदाणा १२.४५’.

उपास म्हणजे पोटाला विश्रांती, असं आपण मानतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. खिचडीत बटाटा, वर केळं, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू, आणि रात्री नुसतं दूध. डोंगर आणि विहीर एकाच दिवशी. मॅडमनी उपास बंद करा असं सांगितलं नाही. वारकरी घरातल्या बाईला तसं सांगून ती ऐकणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. साबुदाणा अर्धी वाटी, त्यात दाण्याचं कूट आणि काकडी भरपूर, संध्याकाळी वरीची भगर थोडीशी आणि एकादशीला गोळ्यांचं काय करायचं, ते आधी विचारायचं, इतकंच ठरलं.

ज्वारीची भाकरी साखरेला चालते, म्हणून कितीही खावी, हाही आमच्या घरातला जुना समज. आलेखात दोन भाकऱ्यांच्या दुपारी रेघ चांगलीच वर गेली होती. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कोशिंबीर अशा दुपारी ती टेकडीइतकीच राहिली. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं शतपावली, यानेही चढ कमी होतो. डॉक्टर हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आईला ते पहिल्यांदा पटलं, कारण हा आलेख तिच्या स्वतःच्या जेवणाचा होता.

डॉक्टरांच्या बाजूने

मॅडमशी नंतर निवांत बोलणं झालं. त्यांच्या मते सगळ्यात मोठा बदल संवादात झाला. पूर्वी रुग्ण येऊन बसला की ‘गोड खाल्लंत ना?’, ‘नाही हो’ अशी उलटतपासणी व्हायची. आता दोघं मिळून एक कागद बघतात. दोष द्यायची गरज उरत नाही.

अडचणीही आहेत. एका रुग्णाचा आलेख नीट वाचायला आणि समजावून सांगायला वेळ लागतो, आणि बाहेर चाळीस जण बसलेले असतात. मोबाइलवर आकडा दिसणाऱ्या सेन्सरचे स्क्रीनशॉट रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर येतात. जेवणानंतर १६५ झाली म्हणून लोक घाबरतात. खरं तर मधुमेहात तो आकडा हद्दीतच असतो.

याउलट काही रुग्णांसाठी हे साधन चैनीचं मानताच येत नाही. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांना दिवसातून सहा-आठ वेळा बोटाला टोचून घ्यावं लागतं. त्यांच्या आया वर्षानुवर्षं रात्री तीनचा गजर लावून उठतात. सेन्सरमुळे त्यातल्या काहींना पहिल्यांदा सलग झोप मिळाली. पडद्यावर आकड्याशेजारी जो बाण असतो, तो त्यांना आकड्याहून जास्त उपयोगी पडतो. ११० आणि आडवा बाण असेल तर मूल खेळायला जाऊ शकतं. ११० आणि खाली झुकलेला बाण असेल तर आधी बिस्किट खायला हवं. पुण्या-मुंबईची किंवा अमेरिकेतली मुलं गावाकडच्या आईवडिलांची साखर आपल्या फोनवर पाहतात, हेही आता घडतं. त्यात आधार आहे आणि काळजीही. आधी ‘जेवलीस का?’ विचारावं आणि मग आकड्याचं बोलावं, एवढं पथ्य मुलांनी पाळलं तर म्हाताऱ्यांना पहाऱ्याखाली ठेवल्यासारखं वाटत नाही.

वापरताना

चकती लावायच्या दिवशी दंडाला तेल किंवा क्रीम लावू नये, चिकटत नाही. आंघोळीला हरकत नाही. टॉवेलने तिथे रगडू नये, हळूच टिपावं. बायकांनी ब्लाउजच्या बाहीची लांबी आधी पाहावी. तंग बाहीच्या काठात चकती अडकून उपटली जाते, आईची दुसऱ्या दिवशी थोडक्यात वाचली. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात, वरून लावायची चिकटपट्टी मिळते. खाज, पुरळ आलं तर डॉक्टरांना दाखवावं, काहींना त्यातल्या डिंकाची ॲलर्जी असते. एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे काढायचा असेल तर सेन्सरबद्दल आधीच सांगावं. लावायच्या साधनात सुई असते, ते तसंच कचऱ्यात टाकू नये.

खर्चाचं उघड बोलायला हवं. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि तो पंधरवड्यात संपतो. ‘आयसीएमआर’च्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातल्या बहुतेकांना वर्षभर सेन्सर परवडणारा नाही, आणि गरजेचाही नाही. इन्सुलिन दिवसातून अनेकदा घेणारे, टाइप वनचे रुग्ण, गर्भवती, ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही असे लोक यांना तो जास्तीत जास्त काळ मिळायला हवा. बाकीच्यांना वर्षातून एखाददुसरा पंधरवडा पुरतो. तेव्हाही एक अट आहे: त्या पंधरवड्याची वही ठेवायला हवी आणि आलेख वाचणारा डॉक्टर हवा. नाहीतर हाती फक्त आकडे येतात.

सहा पॉइंट आठ ते सात पॉइंट दोन

मॅडमनी आईच्या मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली, रात्रीची ती गोळी बंद केली आणि सकाळच्या औषधात थोडा फेरफार केला. हे आईच्या तब्येतीपुरतं होतं. कोणीही लेख वाचून स्वतःची गोळी बंद किंवा कमी करू नये. रात्रीच्या जेवणाचंही ठरलं. आई आता शेजारच्या काकूंकडे पोळी-भाजी घेऊन जाते, दोघी सोबत जेवतात.

कार्तिकात दुसरा सेन्सर लावला. ७०च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत आला. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. एचबीए१सी ६.८वरून ७.२ झाला. लॅबवाला म्हणाला, “काकू, या वेळी जरा वाढली हं.” मॅडम मात्र खूश होत्या, आणि आईही. तिच्या वयाला ७.२ हा ६.८पेक्षा चांगला आकडा आहे, हे तिला आता नीट समजावून सांगता येतं.

तुमच्या घरात साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारं वडीलधारं माणूस असेल, तर त्यांना आज एवढंच विचारा: रात्री काय जेवता, रात्री घाम येतो का, सकाळी डोकं जड असतं का. उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, डॉक्टरांना आधी भेटा. सेन्सर लावायचा की नाही हे ते ठरवतील. मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयात जेवणाची वेळ आणि ताटातलं अन्न लिहायला आज रात्रीपासून सुरुवात करा आणि दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्या.